सरड्याचा खुराक घरात सुटला, तर...



गाईला पेंड, कोंबडीला कणी, कुत्र्याला भाकरी. आपल्याकडे जनावरांचा खुराक पोत्यात नाहीतर पातेल्यात असतो आणि ठेवला तिथेच राहतो. पण अलीकडे काही घरांत असा खुराक येऊ लागला आहे, जो डब्यातून उडी मारतो, रात्री गातो आणि संधी मिळाली तर घरात संसार थाटतो. शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेली मुले परत येताना काचेच्या पेटीत परदेशी सरडा घेऊन येतात. त्या सरड्याला जिवंत किडे लागतात. मग बसच्या पार्सलने रातकिड्यांचे, अळ्यांचे, क्वचित परदेशी झुरळांचेही डबे येतात. एखाद्या दिवशी मांजर डबा पाडते, नाहीतर रातकिडेच प्लॅस्टिकची जाळी कुरतडतात, आणि सकाळी माजघरात किड्यांचा बाजार भरलेला असतो.

हा शहरी शौक, त्याचे शेतीच्या पानावर काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे. एक तर हेच किडे आता कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठीही पाळले जात आहेत, म्हणजे उद्या हा प्रश्न खुराड्यातून घरात येणार. दुसरे असे, की किडा दिसला की आपला हात पहिल्यांदा फवारणीच्या पंपाकडे जातो, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. रातकिड्याने माणूस मेल्याचे ऐकिवात नाही. शेतातले औषध घरात वापरल्याने मात्र माणसे दगावली आहेत.

आंजर्ल्यासारख्या गावाची आणखी एक गोष्ट आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जोग नदीची खाडी, मागे माड-पोफळीच्या बागा आणि त्यांना रोजचे शिंपणे. हवा बारमाही उबदार आणि दमट. युरोप-अमेरिकेत छापलेल्या पुस्तकांत सरडे पाळणाऱ्यांना धीर दिलेला असतो की सुटलेले किडे घरात फार दिवस टिकत नाहीत, थंडीने आणि कोरड्या हवेने आपोआप मरतात. ते त्यांच्या घरांपुरते खरे असेल. तिथे किडे वाढवायला ज्या उबेसाठी विजेचा दिवा लावावा लागतो, ती ऊब आपल्या पडवीत फुकट मिळते. सबब, "आठ दिवसांत मरतील" म्हणून स्वस्थ बसणे आपल्याला परवडत नाही. पहिला आठवडा हातचा गेला की पुढची पिढी दारात उभी राहते.

आधी पंप खाली ठेवा

आंजर्ल्यातल्या एका घरी मला असेच बोलावणे आले. महिना फेब्रुवारीचा. आजी ओटीवरच बसल्या होत्या.

"साहेब, रातकिडे पावसात बोलतात एवढं मला ठाऊक. हे मेले शिमग्याच्या आधीच सुरू झाले!"

"आजी, ते आपले नाहीत, माझ्या सरड्याचे आहेत," नातवाने सांगितले.

"तुझ्या सरड्याचे ना? मग त्याला सांग खायला. माझ्या देवघरात कशाला धाडलेस?"

नातवाचा बेतही तोच होता, सरड्याला घरात मोकळा सोडायचा. तसे करू नये. सरडा चार खाईल आणि पोट भरले की कपाटाखाली जाऊन बसेल, मग किड्यांबरोबर सरडाही शोधावा लागेल. पण माझे लक्ष मागच्या दारी गेले. मुलाचे वडील आंब्याच्या तुडतुड्यांसाठी आणलेल्या औषधाची उरलेली बाटली घेऊन पंप भरायच्या तयारीत होते. मी म्हटले, "काका, पंप आधी खाली ठेवा, मग बोलू."

मोहोरावर मारायची औषधे, म्हणजे डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड वगैरे, झाडासाठी आणि मोकळ्या हवेसाठी बनवलेली असतात. कोणते औषध कोणत्या पिकावर आणि किती, ते बाटलीवरच्या पत्रकात छापलेले असते. त्यात "माजघर" कुठेही लिहिलेले नसते. बंद खोलीत ती फवारली की भिंतीला, अंथरुणाला, उघड्या भांड्यांना लागतात. रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. डेल्टामेथ्रिनच्या जातीची औषधे माशांना अतिशय विषारी असतात, त्यामुळे पंप धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा पाटात गेले तर गप्पी माशांचे काही खरे नाही. मांजरांनाही ही औषधे बाधतात. आणि ज्या सरड्यासाठी हा खटाटोप, तो विष लागलेला रातकिडा खाऊन मरतो ते वेगळेच.

सेल्फॉसच्या गोळ्यांविषयी तर हात जोडून सांगतो. भाताच्या कोठीत टाकायच्या या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्यावर उतारा म्हणून देता येईल असे खास औषध नाही. वायू फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेल्या माणसांना कळतही नाही. या गोळ्या कोणीही आणून वापराव्यात अशी परवानगीच नाही, ते काम प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसाचे. राहत्या घरात किड्यांसाठी ही गोळी कोणी सुचवली, तर तो कितीही जवळचा असला तरी त्याचे ऐकू नये.

कोण सुटले आहे, ते पाहा

सगळ्या किड्यांना एक उपाय नाही. डब्यावरचे नाव वाचावे, नसेल तर सापडलेला किडा झाकणाच्या बाटलीत धरून नीट पाहावा.

सरड्यांसाठी विकला जाणारा रातकिडा बहुधा पिवळसर तपकिरी असतो, दीड-दोन सेंटिमीटर लांब, डोक्यावर गडद आडवे पट्टे. दुसरी जात काळी, पंखांच्या बुडाशी दोन पिवळे ठिपके असलेली. ही काळी जात आपल्या शेतातही आढळते. गातो तो फक्त नर. मादी मुकी असते आणि तिच्या शेपटाशी सुईसारखी लांब नळी दिसते. ही नळी ओल्या मातीत किंवा वाळूत खुपसून ती अंडी घालते. म्हणून आवाज थांबला म्हणजे काम झाले असे समजू नये. गाणारे सापडले आणि अंडी घालणाऱ्या राहिल्या, असे सर्रास होते.

अळ्यांमध्ये मीलवर्म नावाने मिळणारी अळी पिवळी, चकचकीत, कडक अंगाची, जास्तीत जास्त इंचभर असते. तिचा काळा भुंगेरा अर्ध्या इंचाहून थोडा मोठा. सुपरवर्म म्हणतात ती अळी याच्या दुप्पट. या सुपरवर्मची गंमत अशी की डब्यात दाटीवाटीने राहते तोवर ती कोषात जात नाही. एकटी पडली की कोष करते आणि भुंगेरा होऊन बाहेर येते. म्हणजे डब्यात महिनोन्‌महिने अळीच राहिलेली ही बाई, सुटून एखाद्या फटीत एकटी बसली की पुढच्या तयारीला लागते. मूळची ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेची, उष्ण हवेतली. आपली हवा तिला परकी नाही.

झुरळांत दक्षिण अमेरिकेतले डुबिया नावाचे झुरळ मोठे आणि चपटे असते. त्याची मादी अंडी बाहेर टाकत नाही, एका वेळी वीस-तीस जिवंत पिल्लेच देते. दुसरे तांबूस, चपळ तुर्कस्तानी झुरळ. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

हे ओळखणे शेजाऱ्यांच्या भांडणातही उपयोगी पडते. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी इकडे जरा लक्ष द्यावे. "त्याच्या घरातले किडे सुटल्यापासून माझ्या तांदळाला सोंडे लागले," अशी तक्रार येऊ शकते. सोंडकिडा जेमतेम तीन मिलिमीटरचा, पुढे सोंड असलेला. पिठातला तांबडा भुंगेराही तेवढाच. हे दोघे आपले जुने पाहुणे, सरडा गावात येण्याच्या कितीतरी आधीचे. मीलवर्मचा भुंगेरा त्यांच्या चौपट-पाचपट मोठा. तक्रारदाराला किडा बाटलीत घालून आणायला सांगावे. निम्मी भांडणे बाटली पाहूनच मिटतील.

रातकिडे कसे धरावेत

रातकिड्यांना दोन गोष्टी लागतात, दडायला जागा आणि पाणी. यातूनच त्यांना पकडण्याची युक्ती निघते. डब्यात ते अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये वाढलेले असतात. तसेच रिकामे ट्रे किराणा दुकानातून आणावेत आणि संध्याकाळी प्रत्येक खोलीच्या काळोख्या कोपऱ्यात, फ्रीजमागे, चुलीजवळ उभे करून ठेवावेत. खाली बटाट्याची किंवा काकडीची फोड ठेवावी. पहाटे उजाडायच्या आत ट्रे अलगद उचलून साबणाच्या पाण्याच्या बादलीवर झटकावा. साबणामुळे किडा तरंगत नाही, लगेच बुडतो. ट्रे पुन्हा त्याच जागी ठेवावा. वर सांगितलेल्या घरी आम्ही हेच केले. आजींनी तर न्हाणीजवळ ओले गोणपाट घालून ठेवले. सकाळी त्याच्याखाली ट्रेपेक्षा जास्त रातकिडे निघाले. हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि तेव्हापासून सर्वांना सांगतो.

ट्रे नसतील तर काचेची रुंद तोंडाची बरणी घ्यावी. आत पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाकावा आणि तोंडाच्या आतल्या बाजूला चार बोटे खोबरेल लावावे. बाहेरून गोणपाट गुंडाळावे, म्हणजे किड्याला वर चढता येईल. आत पडला की तेलामुळे वर येता येत नाही. कोपऱ्यात लावायचे चिकट सापळे बाजारात मिळतात, तेही चालतील. मात्र त्यांना पाली चिकटतात. पाल ही या कामातली आपली फुकटची मजूर आहे, तिला मारू नये.

आता अंडी. हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि लोक नेमका तो विसरतात. उबेत अंडी साधारण दहा ते चौदा दिवसांत फुटतात आणि पिल्ले सहा ते आठ आठवड्यांत अंडी घालण्याजोगी होतात. म्हणून किडे सुटल्यापासून आठवडाभरात घरातली आणि घरालगतची प्रत्येक ओली माती-वाळू तपासावी. माठाखालची ओली वाळू ही तर रातकिडीला आंदणच दिलेली जागा. ती वाळू काढून उकळते पाणी ओतावे, उन्हात वाळवावी, नाहीतर सरळ बदलावी. पडवीतल्या कुंड्या बाहेर उन्हात काढाव्यात आणि वरची दोन बोटे माती कोरडी होईपर्यंत पाणी बेताने घालावे. न्हाणीतून पाणी जाते तिथली भेग सिमेंटने बुजवावी. गळका नळ दुरुस्त करावा. तुळशीवृंदावन घराला लागून असेल तर तीही माती पाहावी. तिथे उकळते पाणी ओतू नये, वरची माती बदलली तरी पुरे.

पहिली झडती झाल्यावर पंधरा दिवसांनी रात्री दिवे मालवून पुन्हा एकदा घर फिरावे. मुंगीएवढे, पंख नसलेले, उड्या मारणारे किडे दिसले तर अंडी फुटली आहेत असे समजावे आणि ट्रे पुन्हा मांडावेत.

भेगेत हात घालू नका

आपली घरे चिऱ्याची. जुन्या भिंतीत भेगा, मागे लाकूडफाटा, सोडणांचा ढीग, झावळ्या. रातकिडा तिथेच जाऊन दडतो, आणि तिथेच त्याला खाणारेही राहतात. विंचवाला रातकिडा आणि झुरळ फार आवडते. किडे वाढले की बेडूक आणि पाली येतात, आणि बेडकांच्या मागावर मण्यार, नाग. फुरशाबद्दल रत्नागिरीकरांना वेगळे सांगायला नको. ते स्वतः किडे आणि विंचूही खाते. म्हणून कोठल्याही ढिगात, भेगेत, पोत्यामागे उघडा हात घालू नये. हातात लांब चिमटा, पायात बूट, आणि बॅटरी आधी, बोट नंतर. लहान मुलांना "दहा पकड, दहा रुपये देतो" असे सांगून कामाला लावण्याची काही घरांत पद्धत आहे. ती ताबडतोब बंद करावी.

लाल विंचवाचा दंश कोकणात किती जीव घेत असे ते जुन्या माणसांना आठवत असेल. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले आणि मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले. पण ते औषध वेळेत मिळाले तरच. दंश झाला की घरगुती उतारे, मंत्र-तंत्र करत बसू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात तडक जावे. मूल असेल तर क्षणाचाही विलंब नको. साप चावला तरी हेच. दोर आवळून बांधू नये, चिरा देऊ नये.

आणखी एक सूचना. हर्णै बंदराच्या या पट्ट्यात कोळंबी घराघरांत खाल्ली जाते, तरीही कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठणारी माणसे आपल्यात आहेत. अशा माणसांना या किड्यांची विष्ठा, कात आणि कोंड्याची धूळ यांचाही त्रास होऊ शकतो, कारण दोन्हींत सारख्या जातीचे प्रथिन असते. दम्याच्या रुग्णाने किड्यांची पेटी साफ करू नये. इतरांनीही तोंडाला फडके बांधावे.

अळ्या आणि कणगी

मीलवर्म सुटला तर वर्षाच्या भाताचे काय, ही घरातल्या बाईची पहिली काळजी असते आणि ती रास्त आहे. पण घाबरून जाण्याचे कारण नाही. ही अळी सुक्या, अखंड दाण्यापेक्षा कोंडा, कणी, पीठ आणि बुरशी धरलेले ओलसर धान्य पसंत करते. भात नीट वाळवून, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरले असेल तर तिथे तिचे फारसे चालत नाही. धोका आहे तो जमिनीवर उघडे ठेवलेल्या कोंड्याच्या पोत्याला, जात्याजवळ सांडलेल्या पिठाला आणि कोंबड्यांच्या खाद्याला. ही पोती त्याच दिवशी चाळावीत. चाळणीवरच्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. राहिलेला कोंडा काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरून, वरून दुसरे प्लॅस्टिक टाकून कडक उन्हात दुपारभर ठेवावा. आतल्या उष्णतेने अळी आणि अंडी दोन्ही मरतात. पावसाळ्यात हे जमत नाही. तेव्हा तो कोंडा गुरांना उकडून घालावा, ठेवू नये.

कोंबड्या पाळणाऱ्यांना काळी सैनिक माशी, म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय, माहीत होऊ लागली आहे. तिच्या अळ्या ओला कचरा खातात आणि खाद्य म्हणून चांगल्या असतात. कोष करायच्या वेळी या अळ्या आपण होऊन कचऱ्यातून बाहेर पडतात, आणि टाकीची भिंत ओली असेल तर उभ्या भिंतीवरही चढतात. पावसात सकाळी त्या पडवीभर दिसल्या म्हणून कोणी घाबरू नये. मोठी माशी चावत नाही, अन्नावर घोंगावत नाही, थोडक्या दिवसांत मरते. झाडूने गोळा करून कोंबड्यांना टाकाव्यात, एवढेच.

इतर सुटलेले किडे कोंबड्यांना घालावेत का, असे विचारतात. घरात कोठलेही औषध, खडू, फवारा वापरलेला नसेल तर चार-दोन खाल्ल्याने बिघडत नाही. वापरला असेल तर मुळीच नाही. आणि पकडलेले किडे सरड्याला परत घालू नयेत. ते मधल्या काळात काय खाऊन, कशावरून चालून आले ते आपल्याला कळत नाही.

झुरळांसाठी बोरिक पावडर, गव्हाचे पीठ आणि साखर यांच्या गोळ्या करून कपाटामागे, मुलांचा आणि कोंबड्यांचा हात-चोच पोचणार नाही अशा जागी ठेवाव्यात. परिणाम सावकाश होतो, पण होतो. परदेशी झुरळाच्या बाबतीत मात्र शेवटचे सापडेपर्यंत पिच्छा सोडू नये. तुर्कस्तानी झुरळाचे उदाहरण पाहा. अमेरिकेत ते पहिल्यांदा १९७८ साली कॅलिफोर्नियात एका लष्करी आगारात आढळले. पुढे सरड्यांचा खुराक म्हणून त्याची विक्री सुरू झाली, त्याने प्रसाराला हातभार लागला, आणि तिथल्या नैर्ऋत्येकडच्या गरम प्रदेशात त्याने आधीच्या जातीच्या झुरळाला बाहेरच्या जागांतून हुसकावून लावले. परका किडा आला की काय होते ते आपण माडावर पाहतोच. रुगोज पांढरी माशी भारतात २०१६ साली तमिळनाडूत पोळ्ळाचीला आढळली, आणि पुढे ती कोकणातल्या माडांवरही आली. तिला कोणी डब्यातून आणली नव्हती. निदान जे आपण पैसे देऊन डब्यातून आणतो, ते तरी सुटू नये.

प्रयोगशाळेकडून शिकण्यासारखे

किडे लाखांनी वाढवायचे आणि एकही बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे काम शेती खात्यात आणि विद्यापीठांत वर्षानुवर्षे चालते. भाताच्या खोडकिड्यासाठी किंवा उसासाठी तुम्ही ट्रायकोकार्ड वापरले असेल. त्या कार्डावर एका घनसेंटिमीटरला अठरा-वीस हजार अंडी चिकटवलेली असतात. ती असतात तांदळावरच्या पतंगाची, म्हणजे साठवणीतल्या धान्याच्या एका पक्क्या शत्रूची. भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर हा पतंग मुद्दाम वाढवतात. त्याच्या अंड्यांवर अतिनील किरणांचा दिवा धरून आतला जीव मारतात आणि मग त्यावर ट्रायकोग्रामा वाढवतात. दिवा चुकला तर कार्डातून मित्रकिड्याऐवजी शत्रूच बाहेर पडायचा. म्हणून तिथे बारीक जाळीच्या खिडक्या, झाकण बांधलेल्या ट्रे आणि प्रत्येक कामाची वेगळी खोली असते.

घरी एवढे नको, पण तत्त्व तेच. किड्यांचा डबा दुसऱ्या मोठ्या टबात ठेवावा, म्हणजे सुटलेला किडा टबात सापडतो. झाकणाला प्लॅस्टिकची नव्हे, लोखंडी बारीक जाळी लावावी. डब्याच्या आतल्या काठाला रुंद गुळगुळीत चिकटपट्टी फिरवावी आणि ती आठवड्याने पुसावी. कोकणच्या दमट हवेत तिच्यावर धुळीचा थर बसतो आणि त्यावरून झुरळसुद्धा चढते. सरड्याच्या पेटीत त्याला लागतील तेवढेच किडे टाकावेत. उरलेले रातकिडे रात्री झोपलेल्या सरड्यालाच चावे घेतात. महिन्याचा साठा एकदम मागवण्यापेक्षा आठवड्याचा मागवावा. आणि किड्यांची खोली धान्याच्या खोलीला लागून असू नये.

काही घरांत तर किडे लागतच नाहीत. इग्वाना नावाचा हिरवा सरडा शाकाहारी आहे. त्याला पाला, फुले, फळभाजी लागते. शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची फुले आपल्या परसात आहेत. तरीही विकणारा त्याच्याबरोबर मीलवर्मचा डबा देतो. तो परत करावा.

कायद्याचे दोन शब्द

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. आपल्याकडची घोरपड, अजगर, धामण किंवा दुसरा कोणताही साप, स्टार कासव, यांतले काहीही घरात पाळता येत नाही. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली जातात, पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लांबून लोक येतात. ते पिल्लू मुलाने हौसेने बादलीत घालून घरी आणले तरी तो गुन्हाच. परदेशी प्राण्यांविषयी कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये नोंदणीचे नियमही निघाले. इग्वाना, बॉल पायथन यांसारखे आंतरराष्ट्रीय यादीतले प्राणी ज्यांच्याकडे असतील त्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची आहे. आपला प्राणी त्या यादीत बसतो की नाही, हे दापोलीच्या वन कार्यालयात विचारावे. विचारायला जाण्यात कमीपणा नाही. परदेशातून जिवंत किडे आणायचे तर २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना लागतो. तेव्हा कुरियरने बाहेरून आलेला बिनकागदाचा डबा घेऊ नये.

पोलीस पाटील आणि सरपंच यांना एक विनंती. गावात कोणाकडे परदेशी सरडा आहे हे कळले की लगेच त्या मुलावर तुटून पडू नये. तसे केले की ती मुले घाबरून सरडा आणि किडे रातोरात बागेत नाहीतर किनाऱ्यावर सोडून मोकळी होतात, आणि घरातला प्रश्न गावाचा होतो. त्याच्याकडून डब्यात काय आहे ते समजून घ्यावे, नोंदणीचे सांगावे, आणि किडे सुटले तर लपवू नकोस, शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळव, एवढे कबूल करून घ्यावे.

नको असलेला साठा टाकायचा झाला तर जिवंत टाकू नये. झाकण लावलेला डबा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन दिवस ठेवावा. ते घरात चालत नसेल तर उकळते पाणी ओतावे, आणि मगच खतखड्ड्यात दीड फूट खोल पुरावे. कोंडा, ट्रे, कात हे सगळे त्यातच. पुळणीवर तर हे अजिबात नेऊ नये. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे कासवांची घरटी असतात, आणि कोंड्याच्या वासाने मुंग्या, कुर्ल्या आणि कुत्री नेमकी तिथे जमतात.